आमटी एका हाती, भाकरी घरोघरी

हल्ली रिश्त्याच्या बोलण्यात मुलाची ओळख करून देताना एक नवा शब्द कानी पडतो. "मुलगा पुण्यात प्रोजेक्ट मॅनेजर आहे." ऐकणारी मंडळी मान डोलावतात, पगार विचारतात, पण हा मुलगा दिवसभर नेमके काय करतो हे कुणी विचारत नाही. कॉम्प्युटरवर काही तरी करत असेल, असे समजून चहा येतो आणि विषय पुढे सरकतो. दादीला विचारले असते तर तिने चटकन सांगितले असते. तिने आयुष्यभर तेच काम केले आहे. फक्त त्याचा पगार तिला कुणी दिला नाही आणि हुद्दाही दिला नाही.

प्रोजेक्ट म्हणजे प्रकल्प. ज्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे, पैसा मोजका आहे आणि जे एकट्याच्या हातून होणारे नाही, ते काम. रोजचा स्वयंपाक हा प्रकल्प नाही, वलीमा आहे. शाळा चालवणे हा नाही, शाळेची नवी खोली बांधणे हा आहे. असे काम तडीस नेणाऱ्याला कंपनीत मॅनेजर म्हणतात. आपल्या घरांत या कामासाठी जुना, छान शब्द आहे, इंतजाम. त्याच्या मुळाशी अरबीतला ‘नज्म’ आहे, म्हणजे मोती दोऱ्यात ओवणे. कवितेला उर्दूत नज्म म्हणतात ते त्यावरूनच, तिथे शब्द ओवलेले असतात. निजाम, तंजीम, मुंतजिम ही सगळी त्याच घरातली भावंडे. उर्दूच्या तासाला मुलांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते.

पण त्या अर्थात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. मोती ओवणारा मोती घडवत नाही. कोणत्या मोत्यामागे कोणता यायचा आणि दोरा कुठे कच्चा आहे, हे तो पाहतो. आपल्याकडे इंतजाम करणारा माणूस मात्र स्वतःच पाण्याच्या टँकरमागे धावतो, स्वतःच खुर्च्या मांडतो आणि पाहुणे आले की घामाघूम होऊन मागच्या दारी कुठे तरी असतो. लोक त्याचे कौतुक करतात, "बिचारा एकटा राबला." आमच्या मते तो एकटा राबला हीच इंतजामातली उणीव.

आमच्याच जुन्नर तालुक्यात याचा एक नमुना आहे. कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बेल्हे आणि गुळुंचवाडी मागे टाकून घाट चढला की आणे लागते. खाली कुकडी प्रकल्पाची धरणे, कालवे, ऊस आणि द्राक्षे. वर पठार मात्र कोरडे, उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीही ओढ. अशा जागी थंडीच्या दिवसांत रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची यात्रा भरते आणि साऱ्या भागात ती ओळखली जाते आमटी-भाकरीने. हजारो माणसे पंगतीत बसून जेवून जातात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. आपण इथे पाहायचा तो इंतजाम.

बाजरीच्या भाकरी आणे आणि आसपासच्या गावांतून, घरोघरच्या चुलींवरून येतात. मसाल्याची आमटी मात्र एका जागी, मोठमोठ्या कढयांत शिजते. ही वाटणी सहज म्हणून झालेली नसावी. भाकरी या भागातल्या प्रत्येक बाईला येते, तिला शिकवावे लागत नाही. एखादी जाड झाली, एखादी पातळ झाली, कुणाचे बिघडत नाही. ती थंड झाली तरी खाता येते, मोजून घेता येते, दुरडीत रचून आणता येते. हजारो माणसांच्या भाकरी एका जागी थापायच्या म्हटल्या तर किती चुली, किती सरपण आणि किती हात लागतील याचा विचारच करवत नाही. आमटीचे सगळेच उलटे. ती गरम हवी आणि पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत तिची चव एकच हवी. पन्नास घरांतून आमटी आणली तर पन्नास चवी होतील आणि वाटेत सांडेल ती वेगळीच. म्हणून आमटी जाणत्या हातांखाली आणि भाकरी सगळ्या मुलखाच्या हाती.

व्यवस्थापनाची जाडजूड पुस्तके वाचणाऱ्यांनी ही पंगत एकदा पाहावी. कोणते काम वाटून द्यायचे आणि कोणते एका हाती ठेवायचे, हा मॅनेजरचा पहिला निर्णय असतो, आणि तो चुकला तर पुढे कितीही धावपळ करा, उपयोग होत नाही. आपल्याकडे वलीम्याला देग बावर्चीच्या हाती असते हे ठीकच, त्यात चार जणांनी मीठ टाकायचे नसते. पण पाहुण्यांना उतरवून घेणे, त्यांच्या अंथरुणांची सोय, म्हाताऱ्या माणसांना आणणे-पोहोचवणे ही भाकरीसारखी कामे आहेत. ती गल्लीतल्या घरांना वाटून देता येतात आणि लोक आनंदाने घेतातही. रमजानमध्ये गावोगावच्या मशिदींत इफ्तारची ताटे घरोघरून येतात, तिथे ही रीत आपल्याला बरोबर जमते. लग्न निघाले की ती कुठे जाते कोण जाणे. यजमान सगळ्या किल्ल्या आपल्याच खिशात घालून फिरतो आणि साखर काढायला कोठीचे दार उघडायचे तरी त्याला शोधावे लागते.

हीच वाटणी फार मोठ्या कामातही दिसते. आमच्या वाचकांत कोकणातली घरे बरीच आहेत, त्यांना कोकण रेल्वेची गोष्ट जवळची वाटेल. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडे ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, वाटेत ९१ बोगदे आणि लहानमोठे जवळजवळ दोन हजार पूल. १९९० मध्ये काम हाती घेताना ई. श्रीधरन यांनी हा मार्ग सात भागांत तोडला. महाड, उत्तर रत्नागिरी, दक्षिण रत्नागिरी, कुडाळ, गोवा, कारवार, उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, आपल्या भागाचे निर्णय तिथल्या तिथे घेणारा. रूळ किती रुंद, चढ किती, पूल किती वजन पेलणार, या गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. तिथेही आमटी एका हाती आणि भाकरी सात घरी.

आता वाटून दिलेले काम परत कसे येते, हा पुढचा प्रश्न. इथे आम्हाला बी.एड.चे दिवस आठवतात. पाठ टाचण काढताना आम्हाला ‘उद्दिष्टे’ आणि ‘स्पष्टीकरणे’ असे दोन रकाने भरावे लागत. "विद्यार्थ्याला अपूर्णांक समजतो" असे स्पष्टीकरण लिहिले की मार्गदर्शक त्यावर लाल रेघ ओढत. समजतो म्हणजे काय करतो? "विद्यार्थी दोन अपूर्णांकांतला मोठा ओळखतो", "विद्यार्थी बेरीज करून दाखवतो" असे लिहा, म्हणत. जे डोळ्यांना दिसेल तेच लिहायचे. तेव्हा ही कटकट वाटे. आता घरच्या कामांत सर्वांत जास्त उपयोगी पडते ती तीच कटकट.

कारण घराघरांत कामे वाटली जातात ती अशी: "भाई, तू जरा लाइटचे बघ." भाई हो म्हणतो. लाइटचे बघ म्हणजे काय? मंडपाला माळा लावायच्या, की जनरेटर आणायचा, की मीटरवर भार पेलेल का हे वायरमनला विचारायचे? भाईच्या मनात माळा असतात आणि अब्बांच्या मनात जनरेटर. दोघेही निश्चिंत झोपतात. तेच वाक्य "गुरुवारच्या असरपर्यंत जनरेटरवाल्याला पैसे देऊन पावती आण, डिझेल कुणाचे तेही विचार" असे म्हटले असते तर गैरसमजाला जागा उरली नसती. एका कामापुढे एकच नाव, एक दिवस आणि झाले हे कशावरून कळेल ती खूण. "तुम्ही सगळे मिळून बघा" हे वाक्य तर इंतजामातून कायमचे काढून टाकावे. सगळ्यांनी मिळून बघायचे ठरले की बघणारा कुणीच नसतो.

यासाठी संगणक लागत नाही. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन अभियंत्याने शंभरेक वर्षांपूर्वी एक तक्ता रूढ केला. डावीकडे कामे, वर दिवस, आणि प्रत्येक काम कधी सुरू होऊन कधी संपेल त्याची आडवी पट्टी. आजही कंपन्यांत त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दुधाचे खाडे लिहायचे कॅलेंडर असतेच. त्यावर खाड्यांच्या शेजारी रंगीत पेन्सिलीने या पट्ट्या ओढता येतात. मात्र ते कॅलेंडर भिंतीवरच हवे, अब्बांच्या डायरीत नको. कोकण रेल्वेच्या कामावर श्रीधरन यांनी उलटी घड्याळे लावली होती, मुदत संपायला किती दिवस उरले ते दाखवणारी. साहेबाला, मुकादमाला आणि मजुराला एकच आकडा दिसायचा. हा आकडा एकट्यालाच ठाऊक असला की तो एकटाच चिडचिड करतो आणि बाकीच्यांना त्याचे कारण कळत नाही.

तक्ता भरताना शेवटच्या दिवसापासून मागे मागे यावे. मुले सहलीचे नियोजन पहिल्या दिवसापासून करतात आणि म्हणून परवानगीचे पत्र राहून जाते. घर बांधणाऱ्याने तर हे करायलाच हवे. स्लॅबवर पाणी मारणे, टेकू काढणे यात दोन-तीन आठवडे जातात, त्यात घाई चालत नाही. विजेच्या नळ्या स्लॅब ओतण्याआधी टाकून घ्याव्या लागतात, म्हणजे वायरमन गवंड्याच्या आधी यायला हवा. पावसात वीटभट्ट्या बंद, म्हणजे विटा उन्हाळ्यातच. होळीला, दिवाळीला, ईदला बाहेरगावचे कामगार गावी जाणार आणि ठरल्या दिवशी परत येतीलच असे नाही. आपल्याला शिवाय दोन कॅलेंडरे सांभाळावी लागतात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. या वर्षी जो महिना मोकळा दिसतो तोच तीन वर्षांनी रोज्यांत येईल, आणि दहावी-बारावीच्या परीक्षा काही सरकत नाहीत.

इथे थोडे थांबून आमच्या तालुक्यातल्या आणखी एका जागेकडे पाहू. नारायणगावजवळ खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, शाळेच्या सहली तिथे जातात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ खोडदच्या परिसरात जवळजवळ आणि १६ तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. मुलांना प्रश्न पडतो की या तबकड्या भरीव का नाहीत, आरपार का दिसते? याचे उत्तर इंतजाम शिकणाऱ्याला फार मोलाचे आहे. एवढी मोठी भरीव तबकडी वारा अडवते. तो जोर पेलायचा तर लोखंड कितीतरी पटीने लागते आणि पैसा संपतो. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी विचारले, आपल्याला नेमके किती बारीक काम हवे आहे? ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी टिपते त्यांतली सर्वांत आखूड लहर सुमारे २० सेंटिमीटरची. तिच्यासाठी एक-दोन सेंटिमीटर भोकांची तारेची जाळी भिंतीसारखीच असते. मग भरीव पत्रा कशाला? बारीक पोलादी तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी, आणि काम जगात वाखाणले गेले. काटकसर म्हणजे सगळीकडे थोडे थोडे कापणे, अशी आपली समजूत असते. त्यांनी जिथे नेमकेपणा नको होता तिथेच हात आखडला.

हा प्रश्न लग्नाच्या यादीला विचारून पाहावा. कार्ड मखमली हवे का? ते दोन मिनिटे हातात राहते. जेवण गरम आणि वेळेवर हवे का? ते माणूस दहा वर्षे विसरत नाही, विशेषतः थंड मिळाले तर.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सदर या महिन्यात लिहायला घेतले तिथे येतो. वर्गात आम्ही रोज विचारतो, "समजले का?" आणि साठ मुले एका सुरात म्हणतात, "होऽऽ." कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे की या ‘हो’ला काही अर्थ नाही. ज्याला समजलेले नाही तो सर्वांत मोठ्याने ओरडतो. म्हणून जुने शिक्षक "समजले का" विचारत नाहीत, "ये, फळ्यावर करून दाखव" म्हणतात. घरात, मंडपात, बांधकामावर "झाले का?" हा प्रश्नही तसाच निरुपयोगी. त्याचे उत्तर ठरलेले असते, "हो, होतेच आहे." त्याऐवजी "कुठपर्यंत आले? काय अडले आहे?" असे विचारावे आणि जमेल तेव्हा स्वतः जाऊन पाहावे. पण हे विचारण्याआधी एक गोष्ट जागेवर असावी लागते. अडले आहे असे सांगणाऱ्याला त्या घरात भीती नसावी.

आमच्या ओळखीतल्या एका घरची हकिगत आहे. थोरल्या मुलीचा निकाह ठरला, तारीख दिली. त्याच सुमारास घराचा वरचा मजला चढत होता. पाहुणे नव्या मजल्यावर उतरवायचे, म्हणजे लॉजचा खर्च वाचेल, असा हिशेब. हिशेब चांगला होता. सेंट्रिंगचे सामान दुसऱ्या एका कामावर अडकले आणि स्लॅब लांबणार, हे गवंड्याला बरेच आधी कळले. त्याने चहा पिता पिता घरातल्या धाकट्या मुलाला सांगितले. मुलाने अब्बांना सांगितले नाही. का? कारण त्या घरात वडिलांचे ठरलेले वाक्य होते, "मला कारणे सांगू नका." मुलाला वाटले, गवंडी काही तरी करील, होऊन जाईल. अम्मीला शंका आली होती, पण बैठकीत बोलायची तिची रीत नव्हती. दरम्यान तीनशे कार्डे छापून वाटली गेली. निकाहला आठ दिवस उरले तेव्हा अब्बा स्वतः जिना चढून गेले आणि वर नुसते आकाश दिसले.

मग जे व्हायचे ते झाले. ऐन हंगामात हॉल शोधला, तो दुप्पट भाड्याने मिळाला. पाहुण्यांसाठी खोल्या घ्याव्या लागल्या. हा पैसा आला कुठून? धाकटीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवला होता, त्यातून. "पुढच्या वर्षी भरू," असे तिला सांगण्यात आले. ती काही बोलली नाही. तिचे एक वर्ष गेले. निकाह थाटात झाला आणि आलेल्या कुणालाही यातले काही कळले नाही.

घरात सगळे त्या मुलाला बोल लावतात. आम्हाला तो मुलगा फारसा दोषी वाटत नाही. ज्या घरात वाईट बातमी आणणाऱ्याला पहिला तडाखा बसतो, तिथे बातमी उंबऱ्याबाहेरच थांबते. स्लॅब दोन आठवडे लांबणार, हे दोन आठवडे आधी कळले असते तर कार्डांवर दुसरा पत्ता छापता आला असता, शाळेचे सभागृह मागता आले असते, गल्लीतल्या चार घरांत पाहुणे वाटून देता आले असते. आठ दिवस आधी कळले तेव्हा फक्त पैशानेच वाट निघत होती. अडचण तीच, पण ती कळायला झालेल्या उशिराची किंमत धाकटीने मोजली.

यावर उपाय अवघड नाही, स्वभाव बदलणे मात्र अवघड आहे. कार्य निघाले की रोज मगरिबनंतर दहा मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसावे. सगळ्यांनी म्हणजे अम्मी, फुफी, मोठ्या मुली, बावर्चीशी बोलणारा मामू, सगळे. प्रत्येकाने एवढेच सांगायचे की कालपासून काय झाले, उद्या काय करणार आणि कुठे अडले आहे. कंपन्यांत हीच बैठक सकाळी उभ्या उभ्या होते. उभे राहायचे ते यासाठी की बसले की बोलणे लांबते. आपल्याकडे बसूनच होऊ द्या, पण चहा नंतर आणा. आणि ज्याने पहिल्यांदा "हे अडले आहे" म्हटले त्याला घरातल्या मोठ्या माणसाने सर्वांसमोर म्हणावे, "बरे झाले आज सांगितलेस." चूक कुणाची, हे नंतर कधी तरी. आधी वाट काढायची. ज्या घरात हे वाक्य दोन-चारदा ऐकू आले तिथे पुढे बातम्या आपोआप येऊ लागतात.

बायकांना या बैठकीत बसवा, असे आम्ही म्हणतो ते उपकार म्हणून नाही. बैठकीत पुरुष मंडळी आकडा वाढवत जातात. "अमक्यांना बोलावले आणि तमक्यांना नाही, बरे दिसत नाही." तीनशेचे चारशे होतात, चारशेचे पाचशे. पाण्याची पिंपे किती, परातींची संख्या किती, भाजी निवडायला किती हात, हे ज्यांना ठाऊक असते त्या पडद्यामागे असतात आणि त्यांना आकडा दुसऱ्या दिवशी कळतो. साधा नियम करावा. यादीत नाव वाढवायचे तर सुचवणाऱ्याने तिथेच सांगावे की हा वाढीव खर्च कशातून, वाढायला कोण आणि बसवायचे कुठे. अर्ध्या सूचना मग तोंडातच राहतात. हा नियम बांधकामालाही लावा. "तेवढ्यात एक बाल्कनी काढून घेऊ," हे वाक्य गवंडी नेहमी हसत हसत ऐकतो.

थोडी सैलही ठेवावी लागते, दिवसांत आणि पैशांत. ऑस्ट्रेलियातले सिडनीचे ऑपेरा हाउस चार वर्षांत, ७० लाख डॉलरमध्ये होईल असे ठरले होते. १९५९ मध्ये काम सुरू झाले तेव्हा त्या प्रसिद्ध छताची रचना कशी करायची हेच पक्के झालेले नव्हते. ते उघडले १९७३ मध्ये, खर्च १० कोटी २० लाख डॉलर. कोकण रेल्वे पाच वर्षांत व्हायची होती. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने अक्षरशः जीव घेतले, काम अडून राहिले आणि सगळा मार्ग सुरू झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी, सुरुवातीनंतर सात वर्षे उलटून. डोंगराच्या पोटात काय निघेल हे कागदावर दिसत नाही, हे ज्यांना मान्य असते ते तक्त्यात त्यासाठी जागा सोडतात. आमचा स्वतःचा अंदाज असा की घरच्या कार्यात दहा रुपयांतले एक-दोन रुपये आणि दहा दिवसांतले एक-दोन दिवस कुणालाही न सांगता वेगळे ठेवावेत. सांगितले की ते खर्च होतात. आणि शिक्षणासाठी ठेवलेला पैसा या सैलीत कधीही धरू नये. त्याचे पासबुक वेगळे असावे, ज्या मुलीचे शिक्षण आहे तिच्याच हाती.

शेवटी आवराआवरीचे. कार्य पार पडले की सगळे पांगतात आणि देगी, सतरंज्या, शेजारून आणलेली ताटे दोन आठवडे अंगणात पडून राहतात. कुणाची परात कुणाकडे गेली यावरून वर्षभराचे रुसवे होतात. म्हणून वहीच्या मागच्या पानावर आलेल्या प्रत्येक वस्तूपुढे मालकाचे नाव लिहून ठेवावे आणि परत गेली की रेघ मारावी. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांना द्या. त्यांना ते फार आवडते आणि त्यांच्या तावडीतून एक चमचा सुटत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा एकदा सगळ्यांनी बसून त्याच वहीत लिहावे की किती माणसे आली, किती किलो तांदूळ उरला, कोणती खुर्ची कमी पडली, कोणत्या मंडपवाल्याने वेळ पाळली. आमच्या शेजारच्या एका खालांकडे अशी वही आहे, तीन लग्ने आणि एका अकीक्याची. गल्लीत कुणाकडे तारीख ठरली की ती मागायला पहिले पोर खालांच्या दारात येते. खाला वही देतात, पण कुणाकडे गेली ते आतल्या पानावर लिहून घेतल्याशिवाय नाही.